पालव्याच्या डान्स-रात्रींचा इतिहास कसा शोधायचा

पालव्यावरच्या, म्हणजे मुंबईच्या अपोलो बंदरावरच्या, ताजमहाल हॉटेलचा इतिहास म्हटला की सगळीकडे तेच तेच वाचायला मिळतं, जमशेटजी टाटा, 16 डिसेंबर 1903, मग 1924 ला समोर गेटवे पूर्ण झाला, कुठला महाराजा कुठल्या खोलीत उतरायचा वगैरे. पण 1935 पासून पुढची दहा-पंधरा वर्षं तिथल्या बॉलरूममध्ये, म्हणजे नाचाच्या हॉलमध्ये, जो जॅझ बँड वाजत होता त्यात ट्रम्पेटवर कोण होतं, सॅक्सोफोनवर कोण होतं, असं विचारलं तर बहुतेकांना एकही नाव सांगता येत नाही. आणि माझं ठाम मत आहे की या जागेचा खरा इतिहास त्या स्टेजवरच्या माणसांचा आहे. पाहुण्यांबद्दल भरपूर लिहून झालंय, वाजवणाऱ्यांचं अजून बरंच बाकी आहे, आणि ते काम घरबसल्या, थोडं लायब्ररीत जाऊन, थोडं लोकांशी बोलून कुणालाही करता येतं. ते कसं करायचं तेच इथे लिहितोय. तुमचे आजोबा बँडमध्ये होते, किंवा तुम्ही नुसतेच सी. रामचंद्रांच्या गाण्यांचे वेडे आहात, दोघांनाही उपयोग होईल.

आधी काळाची चौकट डोक्यात पक्की करा, नाहीतर सापडलेला कागद कुठे बसवायचा तेच कळत नाही. अमेरिकेत 1935 च्या ऑगस्टमध्ये लॉस एंजेलिसच्या पॅलोमार बॉलरूममध्ये बेनी गुडमनचा बँड गाजला आणि तिथून स्विंगची, म्हणजे मोठ्या बँडच्या नाचायच्या जॅझची, लाट आली असं मानतात. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर बाल्बोआला रान्देवू बॉलरूम 1928 पासून होता, कॅटलिना बेटावरचा कसिनो (नाव कसिनो, पण आत डान्स हॉल) 1929 चा, म्हणजे समुद्र, लाकडी फ्लोअर आणि मोठा बँड हे समीकरण तिकडे आधीच जुळलेलं होतं. आणि त्याच 1935 च्या हिवाळ्यात लिऑन अ‍ॅबी नावाचा कृष्णवर्णीय व्हायोलिनवादक आपला अमेरिकन बँड घेऊन मुंबईत ताजला आला. त्याच्यानंतर क्रिकेट स्मिथ, हा ट्रम्पेटवाला, 1913-14 साली न्यूयॉर्कमध्ये जेम्स रीस युरोप नावाच्या बँडलीडरच्या ऑर्केस्ट्राबरोबर रेकॉर्डिंग केलेला माणूस. मग टेडी वेदरफोर्ड, पियानोवर, शिकागोत नाव कमावून 1926 लाच आशियात निघून आलेला, शांघाय वगैरे करत मुंबईत पोचलेला, पुढे कलकत्त्याच्या ग्रँड हॉटेलात गेला आणि एप्रिल 1945 मध्ये तिथेच कॉलऱ्याने वारला. त्याच्याच बँडमध्ये रुडी जॅक्सन होता, जो आधी ड्यूक एलिंग्टन या बड्या अमेरिकन जॅझ बँडलीडरकडे वाजवलेला होता. विचार करा, एलिंग्टनच्या बँडमधला माणूस पालव्याला रोज रात्री सॅक्सोफोन वाजवतोय आणि आपल्याला शाळेत कुणी सांगितलंही नाही.

यांच्याबरोबर आणि यांच्यानंतर आपली माणसं. मिकी कोरिया, ज्याचा बँड 1939 पासून पुढे जवळजवळ वीस वर्षं ताजला होता. चिक चॉकलेट, खरं नाव आंतोनियो झेवियर वाझ, गाव गोव्यातलं हळदोणे, बारदेश. फ्रँक फर्नांड, कुडचड्याचा. रुडी कॉटन, ज्याचं खरं नाव कावसजी खटाऊ, पारशी. अँग्लो-इंडियन केन मॅक तर यांच्याही आधीपासूनचा. ही यादी वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, कारण शोध याच नावांनी सुरू होतो.

वर्तमानपत्रातल्या जाहिराती

सगळ्यात जास्त माल इथे आहे आणि सगळ्यात कमी लोक इथे बघतात. बातम्या नकोत, जाहिराती बघा. हॉटेलवाले डान्सची जाहिरात नियमित द्यायचे. टाइम्स ऑफ इंडियाचे जुने अंक मोठ्या लायब्ररीत डिजिटल स्वरूपात बघता येतात, आणि बॉम्बे क्रॉनिकल एशियाटिक सोसायटीच्या ग्रंथ संजीवनी या ऑनलाइन संग्रहात आहे. सर्च बॉक्सवर विसंबून राहू नका कारण जुन्या छपाईतून मशीनने वाचलेलं टेक्स्ट बेभरवशाचं असतं, आणि जाहिरातीतली नक्षीदार अक्षरं तर ते अजिबात धड वाचत नाही. क्रिकेटच्या शेवटी टी एक आहे की दोन, मिकीच्या स्पेलिंगमध्ये ई आहे की नाही, वेदरफोर्डमधलं ए गळलंय का, सगळे प्रकार टाकून बघा. आणि तरी नाही सापडलं तर सरळ पान उलटत बसा. हंगाम थंडीचा असायचा, साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल, त्यामुळे पावसाळ्याचे महिने पहिल्या फेरीत सोडलेत तरी चालेल. ख्रिसमसच्या आधीचा आठवडा आणि 31 डिसेंबरचा अंक मात्र सोडू नका, सगळी हॉटेलं आपले बँड तेव्हाच मिरवतात.

जाहिरात सापडली की नुसती फोटो काढून पुढे जाऊ नका, नीट वाचा. टी-डान्स आहे की डिनर-डान्स, म्हणजे संध्याकाळचा की रात्रीचा, कारण दोन्हीला बहुतेक वेळा वेगळा बँड असतो. दर किती, जेवणाऱ्यांना वेगळा आणि नुसतं नाचायला येणाऱ्यांना वेगळा असा आहे का. पोशाखाची अट आहे का. बँडच्या नावाआधी "थेट पॅरिसहून" असलं काही आहे का, कारण त्यावरून बँड आधी कुठे होता ते कळतं, अर्थात जाहिरातवाल्याचं बोलणं जाहिरातवाल्याचंच धरायचं. शेजारच्या जाहिरातीही बघा. ताजच्या अगदी बाजूला ग्रीन्स हॉटेल होतं, तिथे डान्स असायचा, चिक चॉकलेटने तिथेही वाजवलंय. ते ग्रीन्स पुढे पाडलं आणि आता तिथे ताजचा टॉवर उभा आहे, त्यामुळे जुन्या माणसाने "ग्रीन्सला वाजवायचो" म्हटलं तर ती जागा नेमकी कुठली ते तुम्हाला माहीत असायला हवं.

त्याच अंकात जहाजांचा कॉलम असतो, कुठली बोट कधी बॅलार्ड पिअरला लागली. बाहेरून आलेला बँड बोटीनेच आलेला असणार. पहिल्या डान्सच्या जाहिरातीच्या आधीचे आठ-पंधरा दिवस हा कॉलम वाचला तर कधी कधी बोटीपर्यंत पोचता येतं, आणि एकदा बोट सापडली की परदेशातल्या प्रवासी-याद्यांमध्ये शोध घ्यायला तारीख मिळते.

आणि हो, 14-15 ऑगस्ट 1947 च्या आगेमागेचे अंक काढाच. त्या मध्यरात्री ताजमध्ये चिक चॉकलेट आणि मिकी कोरिया दोघांचे बँड होते. देश स्वतंत्र होतोय आणि स्टेजवर गोव्याची मुलं, ज्यांचं स्वतःचं गाव अजून पोर्तुगीजांच्या ताब्यात, ते सुटायला आणखी चौदा वर्षं लागली. हे वाचताना मला दर वेळी भरून येतं.

नावं, आणि नावांमागची नावं

इथे नवीन माणूस हमखास अडकतो. स्टेजवरचं नाव, घरातलं नाव, चर्चच्या वहीतलं पोर्तुगीज नाव, तिन्ही वेगळी. फ्रँक फर्नांड हा फ्रँकलिन फर्नांडिस. कावसजी खटाऊ शोधणाऱ्याला रुडी कॉटन कसा सापडेल? म्हणून प्रत्येक वादकाला वहीत एक स्वतंत्र पान द्या आणि वरती सगळी नावं एकाखाली एक लिहा, शेजारी ते नाव कुठे दिसलं तेही. गोव्यातला माणूस असेल तर गाव शोधा, गाव मिळालं की चर्च मिळतं, चर्चमध्ये बाप्तिस्म्याची नोंद असते. आणि चर्चमध्येच बहुतेकांचं संगीताचं शिक्षण झालेलं असतं, कारण पोर्तुगीज अमलात गावच्या चर्चच्या शाळेत मेस्त, म्हणजे संगीताचा मास्तर, मुलांना स्टाफ नोटेशन (पाच रेघांवरची स्वरलिपी), सोल्फेजिओ (सूर नावाने गाणं) आणि व्हायोलिन शिकवायचा. हीच गोष्ट पुढे सगळ्याला कारण झाली बरं का. कागदावर लिहिलेलं संगीत बघताक्षणी वाजवता येणं हे कौशल्य मुंबईत तेव्हा सगळ्यात जास्त कुणाकडे होतं तर गोव्याच्या मुलांकडे, म्हणून हॉटेलं, सर्कस, मूकपटांचे ऑर्केस्ट्रा, पोलीस बँड, सगळीकडे तेच.

मुंबईत ते कुठे राहायचे? धोबी तलाव, कावेल, डाबूळ, माझगाव, भायखळा. एकटा आलेला मुलगा आपल्या गावच्या कुडात राहायचा, म्हणजे गावकऱ्यांनी चालवलेल्या क्लबात, एक ट्रंक, एक चटई आणि रोज संध्याकाळी रोझरी. धोबी तलावच्या जेर महालात असे कूड अजूनही आहेत. तिथे जायचं असेल तर संध्याकाळी जा, आणि आधी तिथल्या वडीलधाऱ्या माणसाला भेटा, थेट कॅमेरा काढून फोटो मारत सुटू नका. काय शोधताय ते नीट सांगितलं की लोक मदत करतात.

तबकडी हातात आली तर

नशीब चांगलं असेल तर चोर बाजारात किंवा कुणाच्या माळ्यावर त्या काळातली 78 ची, म्हणजे मिनिटाला 78 फेरे फिरणारी, रेकॉर्ड मिळते. क्रिकेट स्मिथ आणि त्याच्या सिम्फोनियन्सनी 1936 मध्ये मुंबईत रेकॉर्डिंग केलं होतं, त्यात मेना सायलसने बांधलेला ताजमहाल नावाचाच एक फॉक्सट्रॉट (नाचाचा एक प्रकार) आहे, म्हणजे हॉटेलच्या नावाची धून हॉटेलच्याच बँडने वाजवलेली. वेदरफोर्डने कलकत्त्याला कोलंबिया या रेकॉर्ड कंपनीसाठी बरंच रेकॉर्ड केलं. अशी एखादी सापडली तर घाई करू नका.

पहिली गोष्ट, स्पिरिट किंवा सॅनिटायझर अजिबात लावायचं नाही. या तबकड्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते, एका पुसण्यात खाचा खलास. मऊ ब्रश, मग गरज वाटली तर साधं डिस्टिल्ड पाणी आणि किंचित सौम्य साबण, मधलं कागदी लेबल कोरडं ठेवून, खाचांच्या दिशेने गोल पुसायचं आणि उभी ठेवून वाळवायची. वाकवायची नाही, ती वाकत नाहीच, तुटते. ठेवतानाही उभीच ठेवायची, एकावर एक रचायची नाही. दुसरी गोष्ट, नंतरच्या एल.पी. रेकॉर्डच्या पिनवर 78 वाजवू नका. 78 ची खाच कितीतरी रुंद, तिला साधारण 3 मिलची (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) पिन लागते, एल.पी.ची असते जेमतेम 1 मिल किंवा त्याहून बारीक, ती खाचेच्या तळाला घासत जाते आणि नुसती खरखर ऐकू येते. जुन्या चावीच्या ग्रामोफोनवर लावायचीच असेल तर दर बाजूला नवी स्टीलची पिन घाला, पण दुर्मीळ तबकडी त्यावर लावूच नये हे माझं मत, पिन बसवलेल्या त्या जड साउंडबॉक्सखाली ती दर वेळी थोडी थोडी झिजते.

आता लेबल वाचा. गाण्याच्या नावाखाली बारीक अक्षरात फॉक्सट्रॉट, वॉल्ट्झ, रुंबा असं काहीतरी छापलेलं असतं. विकत घेणाऱ्याला पहिला प्रश्न तोच असायचा, यावर पाय कसे टाकायचे. त्याखाली बँडचं नाव, कधी नुसतंच गायकाचं नाव आणि "ऑर्केस्ट्रासह", असं असेल तर त्या ऑर्केस्ट्रात कोण होतं ते दुसरीकडे शोधावं लागतं. मग लेबलच्या बाहेर, जिथे खाच संपते त्या गुळगुळीत पट्ट्यात, तबकडी उजेडात तिरपी धरली की कोरलेले आकडे दिसतील. तो मॅट्रिक्स नंबर. कॅटलॉग नंबर कंपनीने विक्रीसाठी दिलेला असतो, मॅट्रिक्स नंबर रेकॉर्डिंगच्या वेळचा असतो, त्यामुळे दोन तबकड्यांचे मॅट्रिक्स लागोपाठचे असतील तर त्या बहुधा एकाच बैठकीतल्या. तारीख ठरवायला याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. दोन्ही नंबर उतरवून घ्या, लेबलचा सरळ वरून फोटो काढा.

दहा इंची तबकडीवर एका बाजूला जेमतेम तीन मिनिटं मावतात. म्हणून रेकॉर्ड ऐकून बँड असाच वाजवायचा असं समजू नका, हॉटेलात फ्लोअर भरलेला असला की तीच धून ताणली जायची, सोलो वाढायचे. रेकॉर्डवर ऐकायचं ते सेक्शन्स. ट्रम्पेट-ट्रॉम्बोन एका बाजूला, सॅक्सोफोन एका बाजूला, एक विचारतोय, दुसरा उत्तर देतोय, खाली बेस-ड्रम-पियानो चालू. हेडफोन लावून एकदा फक्त सॅक्स ऐका, एकदा फक्त ड्रम. कान तयार झाला की मग शेहनाई (1947) मधलं संडे के संडे लावा, अलबेला (1951) ची गाणी लावा आणि बघा काय काय ओळखीचं ऐकू येतं.

कारण ही वाट तिकडेच जाते. चितळकर अण्णा, म्हणजे आपले पुणतांब्याचे सी. रामचंद्र, चिक चॉकलेटबरोबर काम करत होते, आणि अलबेलात भगवानदादांबरोबर पडद्यावर चिकचा बँडही दिसतो. दिवसा स्टुडिओ, रात्री हॉटेल असं या लोकांचं आयुष्य होतं. संगीतकार पेटीवर चाल सांगायचा, गोव्याचा अरेंजर ती कागदावर उतरवायचा, प्रत्येक वाद्याचा वेगळा पार्ट लिहायचा, हार्मनी घालायचा. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा, ही त्यातली मोठी नावं. टायटल्समध्ये यांचं नाव कधी असायचं, बरेचदा नसायचं, असलंच तर सहायक म्हणून. म्हणून जुन्या सिनेमाची टायटल्स पॉज करून वाचा आणि "म्युझिक असिस्टंट" लिहिलेलं प्रत्येक नाव वहीत घ्या.

फोटोंचं थोडक्यात सांगतो. मोठ्या ड्रमच्या कातड्यावर बँडचं नाव रंगवलेलं असतं, म्युझिक स्टँडवर लीडरची आद्याक्षरं असतात, मागच्या बाजूला स्टुडिओचा शिक्का असतो. अल्बममध्ये चिकटवलेला फोटो ओढून काढू नका, पानासकट स्कॅन करा, 600 डीपीआयला. कोण कुठे बसलंय ते घरच्या माणसाकडून त्याच दिवशी विचारून मऊ पेन्सिलने वेगळ्या कागदावर लिहा.

माणसांशी बोलताना

त्या पिढीतले वादक आता जवळपास उरले नाहीत, पण त्यांची मुलं सत्तरी-ऐंशीत आहेत, वांद्रे, मालाडचं ऑर्लेम, माहीम, वसई, म्हापसा, मडगाव, टोरांटो, लंडन. वेळ घालवू नका, फोन करा. "तेव्हा कसं होतं हो अंकल" असं विचारलं की उत्तर मिळतं "फार छान होतं", संपलं. त्याऐवजी वस्तूंबद्दल विचारा. डॅडी घरी आले की इन्स्ट्रुमेंट कुठे ठेवायचे? रीड (सॅक्सोफोनच्या तोंडाची पट्टी) कुठून आणायचे, लढाईच्या वर्षांत मिळायचे का? पांढरा कोट घरी धुवायचे की धोब्याकडे? शेवटची ट्राम चुकली तर? रात्री हॉटेलात जेवण मिळायचं का, मिळायचं तर कुठे बसून? या शेवटच्या प्रश्नावर बहुतेक जण जरा थांबतात आणि मग खरं बोलायला लागतात. कारण ज्या खोलीत हे साहेब लोकांना नाचवायचे त्या खोलीत पाहुणे म्हणून बसायची त्यांची ऐपतही नव्हती आणि पद्धतही नव्हती. शेजारच्या यॉट क्लबात तर तेव्हा भारतीय माणसाला सदस्यत्वच नव्हतं. ताजचं वेगळेपण हे की तिथल्या फ्लोअरवर इंग्रज, पारशी, संस्थानिक, सगळे एकत्र यायचे, आणि स्टेजवर कृष्णवर्णीय अमेरिकन आणि गोवेकर शेजारी शेजारी बसायचे. हे त्या काळात कुठेही सहज मिळणारं चित्र नव्हतं. तरी किचनकडचा दरवाजा कुणासाठी आणि पुढचा कुणासाठी हे तुमच्या लेखात आलंच पाहिजे.

बोलणं रेकॉर्ड करायच्या आधी विचारा, आणि रेकॉर्डिंगच्या सुरुवातीला तारीख, जागा, नाव स्वतःच्या तोंडाने बोला. सांगणाऱ्याने वर्ष चुकवलं तर मध्येच दुरुस्त करू नका, ऐकून घ्या, जाहिरातींशी नंतर ताडा.

हे सगळं संपलं कसं

इतिहास लिहिणारे इथे एका वाक्यात "मग दारूबंदी आली" म्हणून मोकळे होतात. दारूबंदी आली हे खरंच. 1939 च्या ऑगस्टमध्ये एकदा लागू झाली पण फार टिकली नाही, मग मुंबई दारूबंदी कायदा 1949 चा, मोरारजी देसाई तेव्हा मुंबई प्रांताचे गृहमंत्री, आणि 1950 पासून पूर्ण बंदी. दारूचं उत्पन्न गेल्यावर मोठा बँड पोसणं हॉटेलांना जड जाणारच. पण बाकीचं बघा ना, इंग्रज गेले, लढाईच्या काळात सुट्टीवर येऊन पैसे उडवणारे सैनिक गेले, अँग्लो-इंडियन कुटुंबं देश सोडून जायला लागली, अमेरिकेतसुद्धा लढाईनंतर मोठे बँड मोडून छोटे ग्रुप झाले, आणि इकडे फिल्म स्टुडिओ वादकांना बोलवत होते. तरीही कोरियाचा बँड 1950 नंतरही ताजला वाजत राहिला आणि जॅझ चर्चगेटच्या रेस्टॉरंटांत सरकला, गेलॉर्ड, अस्टोरियातलं व्हेनिस. 1958 ला अमेरिकन जॅझ पियानोवादक डेव्ह ब्रुबेक मुंबईत आला, 1963 ला खुद्द ड्यूक एलिंग्टन, तेव्हाही ऐकणारे होतेच. तुमच्या लेखात ही सगळी कारणं एकत्र मांडा, एकावर खापर फोडू नका.

लिहायला बसताना एक साधी एक्सेल शीट करा. तारीख, जागा, बँड, वादक, हे कुठून कळलं. शेवटचा रकाना रिकामा असेल तर ती ओळ लेखात घेऊ नका, कितीही गोड किस्सा असो. जाहिरातीतून कळलेलं, रेकॉर्डच्या लेबलवरून कळलेलं आणि कुणी सांगितलेलं, तिन्हीला वेगळे रंग द्या. भारतात साउंड रेकॉर्डिंगचा कॉपीराइट प्रकाशनानंतर 60 वर्षांनी संपतो, त्यामुळे 1936 च्या तबकडीचं डिजिटायझेशन करून रेकॉर्डिंग टाकायला त्या बाजूने अडचण नाही, पण धुनेचा हक्क वेगळा, तो रचणाऱ्याच्या मृत्यूनंतर 60 वर्षं राहतो, ते बघून घ्या. घरगुती फोटोंना मात्र कुटुंबाची परवानगी लेखी घ्या, व्हॉट्सअ‍ॅपवर "हो टाका" आलं तरी त्याचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. स्कॅन केलेल्या फाइल्सची एक प्रत त्या कुटुंबाला पेन ड्राइव्हवर द्या, एक पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयासारख्या एखाद्या संस्थेला घेणार का विचारून बघा, आणि प्रत्येक वादकाचं नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत, स्टेजवरच्या आणि खऱ्या दोन्ही रूपांत लिहा, म्हणजे टोरांटोत बसलेल्या नातीने आजोबांचं नाव कसंही टाइप केलं तरी तिला तुमचं पान सापडेल.